तेरा वर्षांनी परतलेला ठेका

२५ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘ड्रीम थिएटर’ या अमेरिकी बँडने एक निवेदन प्रसिद्ध केले. त्यात दोन बातम्या होत्या. तेरा वर्षांपूर्वी बँड सोडून गेलेला संस्थापक ड्रमवादक माईक पोर्टनॉय परत येत होता, आणि त्याच्या पश्चात ती जागा सांभाळणारा माईक मँजिनी निरोप घेत होता. जगभरच्या चाहत्यांनी पहिल्या बातमीचा जल्लोष केला. दुसरी बातमी त्या जल्लोषात बरीचशी बुडून गेली. पुढे ७ फेब्रुवारी २०२५ रोजी या पुनर्मीलनाचे फलित म्हणून ‘पॅरासोम्निया’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. आठ रचना, सुमारे ७१ मिनिटांचे संगीत आणि विषय कोणता, तर झोपेचे विकार!

पन्नाशी उलटलेली, एकेकाळी दुरावलेली माणसे पुन्हा एकत्र आली की त्यांच्याकडे संशयानेच पाहण्याची रीत आहे. जुन्या नावावर चार पैसे मिळवावेत, जुनी गाणी वाजवून टाळ्या घ्याव्यात, असा हिशेब त्यामागे असतो, असे समजले जाते. अनेकदा ते खरेही असते. ‘पॅरासोम्निया’ मात्र या हिशेबात नीट बसत नाही. त्याचे कारण त्यातील सुरांत जितके आहे, तितकेच या पाच जणांनी घराची आतली मांडणी नव्याने कशी लावून घेतली, यातही आहे. ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

गोष्ट १९८५ सालची. बोस्टनमधील बर्कली कॉलेज ऑफ म्युझिक ही आधुनिक संगीताचे शिक्षण देणारी नामांकित संस्था. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील किंग्ज पार्क या गावातून जॉन पेट्रुची आणि जॉन मायंग हे दोन शाळासोबती तेथे दाखल झाले होते. एक गिटार वाजवणारा, दुसरा बेस गिटार. संस्थेतील सरावाच्या खोलीत त्यांचे वादन पोर्टनॉयच्या कानावर पडले आणि तिघांची गट्टी जमली. पोर्टनॉयही लाँग आयलंडचाच. ‘रश’ हा कॅनडाचा त्रिकुटी बँड हे तिघांचे दैवत. बँडचे पहिले नाव ‘मॅजेस्टी’. पण त्या नावाचा दुसरा बँड निघाल्याने ते बदलणे भाग पडले. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील एका चित्रपटगृहाचे नाव पोर्टनॉयच्या वडिलांनी सुचवले आणि ‘ड्रीम थिएटर’ रूढ झाले. १९९२ साली आलेल्या ‘इमेजेस अँड वर्ड्स’ या दुसऱ्या अल्बमने त्यांना जगापुढे आणले. त्याच अल्बमपासून कॅनडाचा जेम्स लाब्री हा त्यांचा गायक आहे. लहानपणी वयाच्या नवव्या वर्षी न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संस्थेत पियानोच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळवलेला जॉर्डन रूडेस १९९९ साली की-बोर्डवर आला, आणि आज जो पाच जणांचा संच आहे तो पूर्ण झाला.

त्यांच्या संगीताला ‘प्रोग्रेसिव्ह मेटल’ म्हणतात. हा शब्द ऐकून घाबरण्याचे कारण नाही. सत्तरच्या दशकात इंग्लंडमध्ये दोन प्रवाह वाहत होते. एक ‘ब्लॅक सॅबथ’सारख्यांचा, जड, काळोख्या, ठोक आवाजाचा. दुसरा ‘येस’, ‘जेनेसिस’, ‘किंग क्रिम्सन’ यांचा, जो वीस-वीस मिनिटांच्या रचना, पाश्चात्त्य अभिजात संगीताचे संस्कार आणि गुंतागुंतीचे ताल घेऊन रॉक संगीतात आला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील काही बँडनी या दोहोंचा संगम घडवला. ‘क्वीन्सराईक’ आणि ‘फेट्स वॉर्निंग’ ही त्यातील आधीची नावे. ड्रीम थिएटरने त्या संगमाला जगभर श्रोते मिळवून दिले, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

हरवलेली सम

आपल्या वाचकांना यातील तालाचे अंग समजणे खरे तर पाश्चात्त्य वाचकापेक्षा सोपे जावे. बहुतेक पॉप आणि रॉक गाणी चार मात्रांच्या आवर्तनात फिरतात. सात मात्रा मोजायच्या म्हटले की तेथील सर्वसामान्य श्रोता अडखळतो. म्हणूनच ‘पिंक फ्लॉइड’च्या ‘मनी’ या गाण्याचे इतके कौतुक. आपल्याकडे रूपक सात मात्रांचा, झपताल दहांचा, आणि मैफलीतील श्रोते त्यावर सहज मान डोलावतात. फरक असा, की आपला ताल एकदा धरला की बंदिश संपेपर्यंत त्याचे आवर्तन बदलत नाही. कलावंत कितीही दूर भटकला तरी समेवर परत येणार, हा विश्वास असतो. प्रोग्रेसिव्ह मेटलमध्ये आवर्तनच बदलत राहते. एक फेरा सातचा, पुढचा पाचचा, मग सहाचा. ड्रीम थिएटरच्या १९९९ सालच्या ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ या वाद्यरचनेत सहा-सव्वासहा मिनिटांत शंभराहून अधिक वेळा मात्रांचा हिशेब बदलतो. येथे सम शोधणाऱ्याची पुरती दमछाक होते.

दुसरी युक्ती याहून गमतीची. गिटार सात मात्रांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवते आणि ड्रम मात्र चार मात्रांचा साधा ठेका सोडत नाहीत. दोघे हळूहळू एकमेकांपासून सरकत जातात आणि अठ्ठाविसाव्या मात्रेनंतर पुन्हा एकत्र पहिल्या मात्रेवर येतात. तिहाई घेऊन समेवर येताना जो आनंद होतो, त्याच जातीचा हा आनंद. अशा वेळी ड्रमवादकाच्या हाती श्रोत्याची नाव असते. त्याने गिटारबरोबर सातचा हिशेब दाखवायचे ठरवले तर रचना अवघड वाटते. त्याने चारचा ठेका धरून ठेवला तर तीच रचना पायाने ताल धरण्याजोगी होते. सूर तेच, मात्रा त्याच, पण ऐकणाऱ्याला जाणवणारी चीज वेगळी. ड्रमवादक बदलल्याने एखाद्या बँडचा स्वभावच बदलला असे चाहते म्हणतात, त्यातील तथ्य हेच.

या संगीताचा जडपणा कोठून येतो, तेही सांगायला हवे. १९९४ सालच्या ‘अवेक’ या अल्बमपासून पेट्रुचीने सहाऐवजी सात तारांची गिटार वापरायला सुरुवात केली. ही सातवी तार खर्जाची. त्या तारेवर तळहाताची कड दाबून धरत आघात केला की आवाज घुमत न राहता कापल्यासारखा तुटतो. त्याच क्षणी दोन पायांनी वाजणारे मोठे ड्रम त्याला चिकटून आले, की छातीत जाणवतो तो धक्का. हे ‘त्याच क्षणी’ फार महत्त्वाचे. एका क्षणाचा अंशभर इकडेतिकडे झाला तरी जडपणा जाऊन नुसता गोंगाट उरतो.

फाटाफूट

२००९ पर्यंत पोर्टनॉय हा केवळ ड्रमवादक नव्हता. पेट्रुचीबरोबर तो अल्बमचा सहनिर्माता होता, रोजच्या मैफलीत कोणती गाणी वाजवायची हे तो ठरवत असे, गीते लिहीत असे. स्वतःच्या मद्यासक्तीवर आणि तीतून बाहेर पडण्यावर त्याने लागोपाठच्या पाच अल्बममध्ये एकेक गीत लिहून एक मालिका पुरी केली होती. डिसेंबर २००९ मध्ये ‘अव्हेंज्ड सेव्हनफोल्ड’ या तरुण बँडच्या ड्रमवादकाचे निधन झाले, आणि त्यांच्या अडचणीच्या काळात पोर्टनॉय त्यांच्यासाठी वाजवायला गेला. या काळात त्याला वाटू लागले, की ड्रीम थिएटरने काही काळ विश्रांती घ्यावी. बाकीच्यांना ते मान्य नव्हते. ८ सप्टेंबर २०१० रोजी त्याने बँड सोडल्याचे जाहीर केले. पुढे त्याचे मन बदलले, परत येण्याची इच्छा त्याने कळवली. तोवर उशीर झाला होता.

दरम्यान न्यूयॉर्कमध्ये सात नामवंत ड्रमवादकांची चाचणी झाली होती. तिचे चित्रणही झाले आणि ते पुढे चाहत्यांनी आवडीने पाहिले. निवड झाली माईक मँजिनीची. हा बर्कलीतच शिकवणारा प्राध्यापक. हातांच्या वेगाच्या जागतिक स्पर्धांत विक्रम नोंदवलेला. पक्की नोकरी सोडून तो या बँडमध्ये आला. २०११ ते २०२१ या काळात त्याने पाच अल्बम वाजवले. त्यातील अखेरच्या ‘अ व्ह्यू फ्रॉम द टॉप ऑफ द वर्ल्ड’मधील ‘द एलियन’ या गीताने २०२२ साली बँडला पहिले ग्रॅमी पारितोषिक मिळाले. म्हणजे ज्या संस्थापकाने बँड उभारला त्याच्या वाट्याला ते आले नाही, आणि ज्याच्या वाट्याला आले त्याला पुढच्याच वर्षी निरोप घ्यावा लागला. कालाचा महिमा, दुसरे काय!

मने जुळायला मात्र एखादा समारंभ पुरला नाही. २०२० मध्ये पेट्रुचीने ‘टर्मिनल व्हेलॉसिटी’ हा स्वतःचा अल्बम काढला आणि त्यावर ड्रम वाजवायला पोर्टनॉयला बोलावले. पुढच्या वर्षी पेट्रुची, रूडेस आणि पोर्टनॉय यांनी, बेसवादक टोनी लेव्हिनसह, ‘लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंट’ या आपल्या जुन्या वाद्यसंचाचा तिसरा अल्बम केला. आधीचे दोन १९९८ आणि १९९९ सालचे, म्हणजे मध्ये बावीस वर्षांचे अंतर. राहता राहिला लाब्री. त्याच्याशी अबोला सर्वांत लांबला. मार्च २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये ड्रीम थिएटरची मैफल होती, तेथे पोर्टनॉय प्रेक्षक म्हणून गेला आणि पडद्यामागे दोघांची भेट झाली. ज्या मंचावर आपण असायचो, त्यावर दुसऱ्याला वाजवताना पाहणे सोपे नसते.

निद्रेचे भय

‘पॅरासोम्निया’ हा वैद्यकशास्त्रातील शब्द. ‘पॅरा’ म्हणजे लगत किंवा वाट सोडून, ‘सोम्नस’ म्हणजे झोप. झोपेत किंवा झोप आणि जाग यांच्या सीमेवर घडणाऱ्या विचित्र प्रकारांना मिळून हे नाव आहे. माणसाची झोप सुमारे दीड तासाच्या फेऱ्यांत चालते. गाढ झोपेतून अर्धवट जाग आली की झोपेत चालणे किंवा किंचाळत उठून बसणे असे प्रकार घडतात, आणि सकाळी त्यातले काहीच आठवत नाही. स्वप्न पडत असताना मेंदू शरीराचे बहुतेक स्नायू सैल करून ठेवतो, जेणेकरून स्वप्नातील धावपळ अंथरुणात होऊ नये. हा बंदोबस्त कधी फसतो. तो मधेच सुटला तर माणूस झोपेतच हातपाय झाडतो. उलट जाग आली तरी तो सुटलाच नाही, तर डोळे उघडे आणि शरीर दगडासारखे. खोलीत कोणीतरी उभे आहे, छातीवर ओझे आहे, असे तेव्हा वाटते. आपल्याकडे ‘छातीवर भूत बसले’ म्हणतात तो हाच अनुभव.

अल्बममधील रचना याच प्रकारांवर बेतल्या आहेत. ‘इन द आर्म्स ऑफ मॉर्फियस’ ही शब्दरहित नांदी. मॉर्फियस हा ग्रीक पुराणातील स्वप्नांचा देव. ‘नाइट टेरर’ हे सुमारे दहा मिनिटांचे गीत ऑक्टोबर २०२४ मध्येच प्रसिद्ध झाले होते. ‘अ ब्रोकन मॅन’ युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या झोपेविषयी आहे. दिवसा जे दडपून ठेवता येते ते रात्री बंदुकीच्या आवाजासह परत येते, हा त्याचा विषय. ‘डेड अस्लीप’ अधिक भयंकर. घरात कोणी घुसले आहे अशा स्वप्नात झटापट करणाऱ्या पतीच्या हातून शेजारी झोपलेल्या पत्नीचाच जीव जातो. गुन्हा करणारा जागा नव्हता, तर गुन्हेगार कोण, हा प्रश्न न्यायालयांपुढेही आलेला आहे. गीत त्याचे उत्तर देत नाही, हे बरेच झाले.

शेवटची ‘द शॅडो मॅन इन्सिडेंट’ ही साडेएकोणीस मिनिटांची रचना म्हणजे अल्बमचा कळस. जाग आणि झोप यांच्यामध्ये अडकलेल्या माणसाला दिसणारी काळी आकृती हा तिचा विषय. येथे वर सांगितलेले तालाचे तंत्र आशयाच्या कामी येते. सम सापडत नाही, पायाखालची जमीन सरकते, आणि ऐकणाऱ्याचीही स्थिती त्या अंथरुणातल्या माणसासारखी होते. गुंतागुंत दाखवण्यासाठी गुंतागुंत, असा आरोप या बँडवर तीस वर्षे होत आला आहे. तो पुष्कळदा रास्तही होता. या रचनेत मात्र प्रत्येक अडखळण्याला कारण आहे.

पोर्टनॉयच्या वादनाविषयी एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. तो मँजिनीपेक्षा कमी वाजवतो. मँजिनीचे काम घड्याळजीचे. प्रत्येक दाता दुसऱ्यात बरोबर बसलेला, आणि ते ऐकताना मान आदराने लवते. पोर्टनॉय गिटारचे सगळे हिशेब दाखवत बसत नाही. जेथे साधा ठेका पुरेल तेथे तो साधा ठेका देतो आणि एखाद्या ठिकाणीच अंगावर येतो. त्यामुळे पेट्रुचीच्या खर्जातील तुकड्यांना जागा मिळते आणि अल्बम अधिक जड वाटतो. ध्वनिमिश्रण अँडी स्नीप या इंग्रज तंत्रज्ञाचे आहे. जुन्या अल्बमांत कित्येकदा बुडून गेलेला मायंगचा बेस येथे बऱ्याच ठिकाणी स्पष्ट ऐकू येतो, ही समाधानाची बाब.

सर्वांत बोलका तपशील श्रेयनामावलीत आहे. १९९९ पासून २००९ पर्यंत निर्माता म्हणून पेट्रुची आणि पोर्टनॉय ही जोडी असे. ‘पॅरासोम्निया’चा निर्माता एकटा पेट्रुची आहे. जो एकेकाळी घराचा कारभारी होता, तो परतल्यावर किल्ल्या मागत बसला नाही. त्याने एक गीत लिहिले, ‘मिडनाइट मेसाया’. ड्रीम थिएटरसाठी २००९ नंतरचे त्याचे हे पहिले गीत. त्यात बँडच्या जुन्या गीतांच्या खुणा पेरलेल्या आहेत, आणि त्या ओळखण्याचा खेळ चाहत्यांना रंजक वाटला. ज्याला ती गीते ठाऊक नाहीत त्याला मात्र हे गीत अल्बममधील सर्वांत सामान्य वाटेल. प्रस्तुत लेखकाला, ती ठाऊक असूनही, तसेच वाटले.

उणिवा आणखीही आहेत. लाब्रीचा आवाज हा कायमचा वादाचा विषय. डिसेंबर १९९४ मध्ये क्यूबात सुट्टीवर असताना अन्नातून विषबाधा होऊन झालेल्या उलट्यांत त्याच्या स्वरयंत्राला गंभीर इजा झाली होती. तरीही तो गात राहिला आणि पूर्ववत व्हायला त्याला कित्येक वर्षे लागली. अल्बमच्या वेळी तो ६१ वर्षांचा होता. मधल्या पट्टीत तो आजही सुरेख गातो. ‘बेंड द क्लॉक’ या संथ गीतात त्याचा प्रत्यय येतो. वरच्या पट्टीत ताण लपत नाही. काही ठिकाणी गिटार आणि की-बोर्ड यांची जुगलबंदी सवयीने आल्यासारखी वाटते. अल्बमच्या वेळी ६८ वर्षांच्या असलेल्या रूडेसची बोटे अजून विजेसारखी चालतात हे मान्य, पण ती प्रत्येक वेळी चाललीच पाहिजेत असे नाही. नव्या दमाच्या मेटल बँडनी गेल्या पंधरा वर्षांत जे प्रयोग केले, त्यांची येथे फारशी दखल नाही. या पाच जणांनी आपलीच भाषा पुन्हा बोलायचे ठरवले आहे.

आणि मँजिनी? निरोपाच्या वेळी त्याने कटुता दाखवली नाही. बँडचा निर्णय आपण समजू शकतो, पोर्टनॉय बँडमध्ये ज्या ज्या भूमिका पार पाडत असे त्या सगळ्या भरून काढणे हे आपले काम नव्हते, अशा आशयाचे त्याने त्या निवेदनात म्हटले होते. तेरा वर्षांच्या सेवेनंतर इतक्या संयमाने बोलणे सर्वांना साधत नाही. मँजिनीच्या पाच अल्बमांना ‘मधला काळ’ म्हणून बाजूला सारण्याची जी घाई काही चाहत्यांनी केली, ती अन्यायाची आहे. २०१० मध्ये बँड फुटला असता तर २०२३ मध्ये परतायला पोर्टनॉयला घर उरले नसते. ते घर राखले ते त्या शिक्षकाने.

ज्यांना हे संगीत प्रथमच ऐकायचे आहे, त्यांनी ‘नाइट टेरर’पासून आरंभ करावा आणि पहिल्या ऐकण्यात मात्रा मोजू नयेत. दुसऱ्या वेळी फक्त झांजांकडे कान ठेवावा. गिटार कितीही वळणे घेत असली तरी ठेका कोठे चालला आहे, ते त्यातून उमगते. ‘द शॅडो मॅन इन्सिडेंट’ला हात घालायचा तर वीस मिनिटे सलग हाताशी हवीत, आणि ती शक्यतो झोपण्याच्या वेळेची नसावीत.